फटफटीला खोगीर

काल नंदुरबारहून घरी आले ती शिंकतच. गावाबाहेर मिरचीच्या पथारी पडल्यात. मैलभर जमीन लाल, आणि वरून वारा. एसटीच्या खिडक्या बंद असल्या तरी तो तिखट वास फटीतून आत येतो, आणि मग कंडक्टरपासून मागच्या बाकावरच्या म्हातारीपर्यंत सगळी गाडी शिंकायला लागते. मी घराच्या पायरीवर पहिली शिंक दिली तेव्हा बापू अंगणात खाटेवर ऊन खात बसले होते. "मिरची पडनी वाटस," म्हणाले. दुसरी शिंक ऐकली तसे उठले आणि गोठ्याकडे चालू लागले. मी पाय धुऊन येईपर्यंत गोठ्यातल्या फटफटीवरची ताडपत्री अर्धी ओढून झाली होती.

आमच्याकडे थंडी आली हे कळायला पंचांग लागत नाही, नाक पुरतं. मिरची वाळायला पडली की थंडी, आणि थंडी आली की तोरणमाळ. हा आमच्या घरचा कुळाचार. देवघरात त्याची कुठं नोंद नाही, पण तो चुकला तर मला चैन पडत नाही. एकदा चुकायची वेळ आली होती. त्या हिवाळ्याची गोष्ट आठवली की आजही मला एकटीला हसू फुटतं, आणि शेजारीण विचारते, "बाई, काय झालं हो?"

बापू म्हणजे माझा नवरा. म्हसावद माझं माहेर. तिथं सगळं गाव यांना जावईबापू म्हणायचं. ते बापू आमच्या घरी आलं, पोरांनी उचललं, आणि कधी माझ्याही तोंडात बसलं ते कळलं नाही. गाव आमचं तापीकाठी, शहाद्यापासून जवळ, शेती केळीची. मी शाळेत मराठी शिकवायची, आता निवृत्त. बापू मला 'मास्तरीण' म्हणतात, रागातही आणि लाडातही. कोणतं कधी ते आवाजावरून ओळखायचं.

ती फटफटी त्यांनी केळीच्या पहिल्या चांगल्या पिकावर घेतली. काळी, जडशीळ, सुरू केली की भांड्यांच्या मांडणीतले पेले वाजायचे. तेव्हापासून दर हिवाळ्यात एक दिवस पोरं सासूबाईंकडे टाकून आम्ही दोघं तोरणमाळला. सातपुड्यात शिरताना ती थंडी अशी यायची की गुडघे आपले आहेत का दुसऱ्याचे हे कळू नये. वाऱ्यासाठी तेव्हा आमच्याकडे एकच इलाज होता: वर्तमानपत्र. बापू सदऱ्याच्या आत छातीशी कालचा पेपर घालायचे, वर स्वेटर. घाटात वळण घेतलं की कागद कुरकुरायचा. मी मागं बसून त्यांच्या पाठीला गाल लावायची आणि तो आवाज ऐकायची. मला डोंगर दिसायचे, माकडं दिसायची, डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या बाया दिसायच्या. घरी आलं की बापू पेपर काढून पुन्हा वाचायला घ्यायचे. घामानं अक्षरं सदऱ्याला लागलेली असायची आणि धुताना माझा जीव जायचा.

मग त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, माणूस उभा राहिला, चालायला लागला. पण डाव्या पायातली ताकद गेली ती गेलीच. डॉक्टरांनी नीट समजावलं. बसा, फिरा, पाठीला टेका ठेवा, धक्के टाळा. गाडी मात्र आता चालवायची नाही. डाव्या पायानं गिअर पडणार नाही, थांबल्यावर एवढं धूड पेलणार नाही. बापूंनी मान हलवली, घरी आले, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

या माणसाला मी कधी गप्प बघितलं नव्हतं. हा केळीच्या बागेत एकटा असला तरी केळींशी बोलणारा. आता जेवण वाढलं तर जेवायचे, विचारलं तर हूं म्हणायचे. कुणी भेटायला आलं की डोळे मिटून घ्यायचे. गोठ्यात फटफटीवर कोंबड्या बसायला लागल्या. माणूस हातातून जातोय असं मला वाटायला लागलं. औषधानं बरं होणारं ते दुखणं नव्हतं, आणि मला भीती वाटत होती, साफ सांगते.

एके सकाळी चहा देताना म्हणाले, "मास्तरीण, ती गाडी सारंगखेडाना यात्रामा लई जा आनि इकी टाक. जराशी नीटनेटकी कर, म्हंजे गिऱ्हाईक लागी."

मी म्हटलं, "बरं."

तिथंच खरं तर त्यांना संशय यायला हवा होता. एवढ्या वर्षांच्या संसारात मी पहिल्या सांगण्याला 'बरं' कधी म्हटलंय? पण ते भिंतीकडे वळले होते. माझ्या डोक्यात मात्र त्याच क्षणी गाडी सुरू झाली. यांना चालवता येत नाही ना? मग मी चालवीन. हे मागं बसतील. पाठीला टेका, पायाला आधार, वाऱ्याला आडोसा, सगळं करून घेईन आणि उचलून तोरणमाळला नेईन. सांगितलं असतं तर नाही म्हणाले असते, आणि बापूंचा नकार म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. म्हणून सांगितलंच नाही. विकायची गाडी सजवतात ना, तशी सजवतेय, असं घरात सगळ्यांना वाटू दिलं.

शाळेत जायला मी स्कूटी चालवायची, तेवढंच माझं ज्ञान. ही फटफटी म्हणजे स्कूटीची सासू. पुरुषोत्तमनगरला सुपडू मिस्तरी म्हणून एक वेल्डिंगवाले आहेत, उसाच्या ट्रॉल्या बांधतात. गाडी टेम्पोत घालून त्यांच्याकडे नेली. सुपडूभाऊंनी गाडीभोवती फेरी मारली, मला नखशिखांत न्याहाळलं आणि विचारलं, "चालाडी कोन?"

"मी."

"आनि बापू?"

"मागं बसतील."

त्यांनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "वयनी, तुम्हना हिम्मतले मानं पडी. पन बापूले कोन सांगी?"

"ते माझ्यावर सोडा."

सुपडूभाऊ माणूस सोन्यासारखा, पण हात ट्रॉलीचा. त्यांना नाजूक काही करताच येत नाही. बापूंच्या पायासाठी रुंद पायदान सांगितलं, तर त्यांनी असं पायदान केलं की त्यावर गव्हाचं पोतं राहील. पुढच्या संरक्षणाच्या दांड्या केल्या त्या नांगरासारख्या. मी विचारलं, "भाऊ, एवढं जड कशाला?" तर अभिमानानं म्हणाले, "बैल जुपा, तरी वाकाव नही!" मी म्हटलं, बैल नाही जुंपायचे, बापूंना न्यायचंय. मग कापाकापी झाली, पुन्हा जोडाजोडी झाली. पायदानाला पट्टा बसला, म्हणजे डावा पाय धक्क्यानं घसरायला नको. बाजूला चढायला एक लोखंडी पायरी आली, घोड्याच्या रिकिबीसारखी. बसताना त्या पायावर भार नको.

काचेनं मात्र छळलं. पुढं जाड पारदर्शक पत्रा लावायचा, वारा अडवायला. पहिला बसवला तो बुटका निघाला. वारा छातीवरून उचलून नेमका हनुवटीत मारायचा. दुसरा एवढा उंच की समोरची म्हैस दोन दिसायला लागली. तिसऱ्याला मीच शिवणाच्या कात्रीनं आधी पुठ्ठा कापून दिला आणि म्हटलं, ह्यापेक्षा एक बोट इकडे नाही, तिकडे नाही. तो बसवून मी नंदुरबारच्या रस्त्यावर मिरचीच्या पथारीशेजारून मुद्दाम गाडी नेली. मागं सुपडूभाऊ बसलेले, जीव मुठीत धरून. परत आलो तेव्हा मी दोनदाच शिंकले होते आणि सुपडूभाऊ एकदाही नाही. काच पास झाली.

हातांना वारा लागू नये म्हणून हँडलच्या मुठींवर घालायला मी जुन्या गोधडीची पाकिटं शिवली. त्यात हात घातले की अंथरुणात असल्यासारखं वाटतं. सामानाच्या पेट्यांना दवापावसाचं कव्हर म्हणून केळीच्या घडाला घालतात ती निळी पिशवी चढवली. फुकटची आणि पक्की. रंगासाठी ट्रॉल्या रंगवणारा पेंटर होता. मी म्हटलं टाकीवर फक्त एक लाल पट्टा ओढ, पिकल्या मिरचीचा लाल. त्यानं ओढला, सुरेख ओढला. पण त्या माणसाला कोरी जागा सहन होत नाही. "मॅडम, पेट्यांवर काही लिहू का?" काही लिहू नकोस म्हटलं, तर लिहिलं नाही, दोन्ही पेट्यांवर दोन मोर काढून ठेवले. राहू दिले. सातपुड्यात चाललोय, दोन मोर बरोबर असलेले बरे.

चालवायचं मी हे काम चालू असतानाच शिकले, तिथल्या साखर कारखान्यापुढं उसाच्या गाड्या उभ्या राहतात त्या पटांगणात. हवेत मळीचा गोड-आंबूस वास, ऊसतोडीवाल्यांच्या चुली, त्यांच्या बाया भाकरी थापताना माझ्याकडे बघायच्या. एकदा वळताना गाडी पडली. नशिबानं पाचटाच्या ढिगावर पडली, म्हणून ती वाचली आणि मीही. एक बाई पिठाच्या हातानं धावत आली, गाडी उचलू लागली आणि म्हणाली, "माय, पुन्हा बस!" जणू मी उठून घरी जाणार होते.

राहिली सीट. तीच तर सगळ्यात महत्त्वाची. माझे पाय आखूड, म्हणून पुढची जागा पातळ आणि अरुंद हवी, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. मागची जाड, रुंद, आणि तिला उंच पाठ, बापूंचा मणका विसावेल अशी. शहाद्यातल्या सीटवाल्यानं फोम दाबून दाखवला आणि मला तो पटला नाही. मग डोक्यात आलं, आपल्या दारात, सारंगखेड्याला, घोड्यांची एवढी यात्रा भरते. जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या घोड्याच्या पाठीवर माणूस बसवतात, त्यांच्याइतकं बसणं कुणाला कळणार? खोगीरभरती हा शब्द मी वर्गात नेहमी निकामी भर या अर्थानं शिकवला. त्या हिवाळ्यात मला खोगीरभरतीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

घोड्याचं माप सुतळीनं घेतात, गाठी मारून. म्हणून बापूंचंही तसंच घ्यायचं ठरवलं. ते खाटेवर बसले असताना लाल सुतळी घेऊन गेले. "हात वर करा."

"काय शे?"

"स्वेटर विणतेय."

निमूट हात वर केले. कमरेची रुंदी, पाठीची उंची, मांडीची लांबी, सगळ्याला गाठी मारल्या. "मांडीनं माप? स्वेटरले?" त्यांनी विचारलं. "लांब विणतेय," मी म्हटलं. माझं माप पांढऱ्या सुतळीवर घेतलं आणि दोन्ही सुतळ्या घेऊन यात्रेच्या सुरुवातीलाच सारंगखेडा गाठलं.

खोगीरवाले उस्ताद दूरदेशचे, दरवर्षी यात्रेत पाल टाकून बसणारे, मेंदी लावलेली दाढी. मी त्यांना माझ्या मोडक्या हिंदीत समजावलं: लाल मापाची मागची बैठक, पांढऱ्या मापाची पुढची. त्यांनी "हां जी, हां जी" म्हणत सुतळ्या गळ्यात अडकवल्या. सुपडूभाऊ गाडी त्यांच्या पालावर ठेवून आले.

काही दिवसांनी दत्ताच्या दर्शनाला म्हणून मी बापूंना यात्रेत नेलं, भाड्याच्या चारचाकीनं. दर्शन झालं. ते थकले होते, पण घोडे बघायला थांबले. यात्रेत धूळ, लीद, जिलेबीचं तूप आणि नव्या कातड्याचा वास असा एकत्र येतो की दुसरीकडे कुठंच तो मिळत नाही. पांढरेशुभ्र घोडे कान टवकारून उभे, त्यांच्या गळ्यात कवड्या, कपाळावर गोंडे. "गाडी कोठे शे? देखू तरी शेवटनी," बापू म्हणाले. मी त्यांना उस्तादांच्या पालाकडे घेऊन गेले. माझ्या छातीत असं धडधडत होतं की फटफटीच सुरू झालीय असं वाटावं. आधी सीट बघतील, हात लावतील, मग हळूच सांगू, असा माझा बेत.

बेत गेला चुलीत. गाडी उभी होती, झळझळीत, लाल पट्टा, मोर, काच, सगळं. आणि सीट? पुढं राजाच्या सिंहासनासारखी जाडजूड बैठक, तिला चामड्याची उंच पाठ, पितळी खिळे. मागं पाटासारखी एक पातळ फळी. नेमकं उलटं! मी काही बोलायच्या आत उस्तादांनी बापूंना वाकून सलाम केला. "बैठिए मालिक! आपके ही नाप का है!" आणि त्यांनी लाल सुतळी बापूंच्या हातात ठेवली.

बापूंनी तिच्या गाठींवरून बोटं फिरवली. "हाई ते मन्हा स्वेटरनं माप शे," ते म्हणाले.



त्यांनी सिंहासनाकडे बघितलं, हँडलकडे बघितलं, स्वतःच्या डाव्या पायाकडे बघितलं. "मास्तरीण, माले आते चालाडता येस का? तुले माहीत शे ना? मंग काब्र असं करं?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तोंड दिलं असतं. तो आवाज ऐकून मला रडू कोसळायच्या बेतात होतं, आणि मला रडू येणार असलं की मी भांडते. मी उस्तादांवर घसरले.

"उस्ताद! लाल माप मागं सांगितलं होतं, मागं!"

"मगर बहनजी," ते बिचारे गोंधळले, "मालिक तो आगे बैठेगा ना? औरत तो पीछे बैठती है. मैंने समझा आप उल्टा बोल गईं."

आता काय करायचं? हळूच सांगायची वेळ गेली होती. मी कमरेला पदर खोचला आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायची त्या आवाजात म्हणाले, "गाडी मी चालवणार आहे! हे मागं बसणार आहेत! आम्ही तोरणमाळला जाणार आहोत!"

घोडेवाले वळले, गिऱ्हाइकं वळली, शेजारच्या पालातला एक घोडाही वळला. खोटं वाटू नये म्हणून मी त्या सिंहासनावर चढून बसले. सुपडूभाऊंनी धावत येऊन गाडी धरली म्हणून बरं. माझे दोन्ही पाय हवेत लोंबकळत होते, जमिनीपासून चांगले वर. उंच पाठीमुळे मी पुढं ढकलली जाऊन टाकीला चिकटले होते. त्या अवतारात मी बापूंकडे बघितलं.

बापूंच्या मिशा हलल्या. मग खांदे हलले. मग ते जे हसायला लागले ते कंबर धरून खाली वेताच्या मोड्यावर बसले. "व माय! व माय!" म्हणत डोळे पुसत राहिले. मी किती दिवसांनी ते हसू ऐकत होते! मला राग आला, लाज वाटली, आणि आनंद तर असा झाला की पाय हवेत होते तेच बरं झालं.

हसून झालं. उठले, गाडीला फेरी मारली. बैल घेताना बघतात तसं पायदान दाबून पाहिलं, पट्टा ओढून पाहिला, पायरीवर उजवा पाय ठेवून पाहिला. काचेमागं तोंड नेलं. गोधडीच्या पाकिटात हात घालून बराच वेळ तसाच ठेवला. मग उस्तादांना म्हणाले, "पुढलं सगळं कापी टाक. मास्तरीणना पाय भुईले लागाले पाहिजेत. मांगलं जाड कर. आनि पाठ ईतभर आखो वर घे, माले टेकाले पाहिजे."

उस्तादांना अहिराणी येत नव्हती, पण बापूंच्या हातवाऱ्यांवरून सगळं समजलं. मी मुद्दाम विचारलं, "आणि गिऱ्हाईक?"

"कसानं गिऱ्हाईक? कोन म्हने इकानी शे?" ते माझ्यावरच डाफरले. जाताना घोड्याच्या गळ्यातला पितळी घुंगरांचा पट्टा स्वतः निवडून घेतला आणि मागच्या पाठीला बांधायला लावला. मला वाटलं, जिंकले.

कसलं काय. निघायच्या आदल्या संध्याकाळी जेवताना अट घातली. "म्हसावदमाईन जावानं नही. मयाना रस्ताईन जाऊत."

म्हसावद आमच्या वाटेवरच. चौकातून गेलं की सरळ डोंगराचा रस्ता. पण ती त्यांची सासरवाडी. त्या गावात ते एकदा घोड्यावर बसून, फेटा बांधून, वाजतगाजत आले होते. आता त्याच गावातून बायकोच्या मागं बसून जायचं? मी सांगून बघितलं, मळ्याचा रस्ता खड्ड्यांचा आहे, पाठीला धक्के बसतील, डॉक्टर काय म्हणाले? "बसू दे धक्का," म्हणाले आणि ताट सरकवलं. मला वाटलं होतं सगळं सीटवर अडलंय. कातडं कापून झालं, लोखंड जोडून झालं, आणि खरी अडचण होती तिथंच होती.

निघालो. तापीवर धुकं, केळीच्या पानांवरून दव टपकतंय, उसाच्या बैलगाड्या घुंगरं वाजवत चाललेल्या आणि आमचीही घुंगरं वाजत होती. हेल्मेटमध्ये बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून आम्ही खुणा ठरवल्या होत्या: डाव्या खांद्यावर थाप म्हणजे डावीकडे, उजव्यावर म्हणजे उजवीकडे, पाठीवर म्हणजे सरळ. बापू टेकून बसले होते. काच वारा चिरून बाजूला सारत होती. गोधडीत माझी बोटं ऊबदार. मला वाटत होतं हा रस्ता संपूच नये, कारण पुढं तो फाटा होता.

फाटा आला. डावीकडे मळ्याचा रस्ता, समोर म्हसावद. मी वेग कमी केला आणि डाव्या थापेची वाट बघत राहिले. थाप पडेना. मी आणखी हळू झाले. मागून एक ट्रॅक्टर भोंगा वाजवत गेला. आणि मग पाठीच्या अगदी मधोमध बापूंचा अख्खा पंजा टेकला. सरळ.

मला वाटलं चुकले असतील. मी डावा हात काढून डावीकडे दाखवला. पुन्हा पाठीवर पंजा, या वेळी जोरात.

म्हसावदच्या चौकात बाजाराची गर्दी होती. माझा भाऊ दिलीप खत-बियाण्याचं दुकान चालवतो, पायरीवर चारचौघांसोबत ऊन खात बसला होता. घुंगरांचा आवाज ऐकून सगळ्यांनी माना वळवल्या. आधी मोर दिसले असतील, मग मी, मग मागं बापू. दिलीप ताडकन उभा राहिला आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल असं ओरडला, "अरे, जावईबापू! तुम्ही मांगे बठनात?"

 भाऊ माझा असला तरी त्या क्षणी त्याच्या कानाखाली वाजवावी असं वाटलं. मी पाय टेकले, दोन्ही, व्यवस्थित, भुईवर. जिभेवर उत्तर तयार होतं. पण मागून बापूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, थांब म्हणून. हेल्मेटची काच वर केली, पाठ ऐटीत मागं टेकवली आणि म्हणाले,

"नवरदेव कधी सोताना घोडा सोता हाकस का रे भो?"

आणि जो हशा उसळला! भाजीवाल्या हसल्या, चहावाल्यानं किटली आपटली, कुणी तरी तोंडानंच बँड वाजवला. दिलीप दुकानात पळाला आणि टॉवेल-टोपी घेऊन आला. जावयाचा मान करायचा म्हणजे आमच्याकडे टॉवेल-टोपी हवीच. टॉवेल बापूंच्या खांद्यावर टाकला. टोपी कुठं घालायची? हेल्मेट काढायला बापू तयार नाहीत. शेवटी हेल्मेटवरच टोपी ठेवली. तसेच बसून ते दोन्ही हातांनी सगळ्या चौकाला नमस्कार करत राहिले. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मिरचीला नावं ठेवायची तर ती राहिली नंदुरबारला, इथं सांगायला काही बहाणाही नव्हता. येऊ दिलं.

पुढं सात पायरी घाट मी कसा चढवला ते मला सांगता येणार नाही. दुसरा गिअर, दात घट्ट, नजर रस्त्यावर. एकेक वळण आलं आणि खाली गेलं. वर तलावाकाठी चहा घेताना बापूंच्या नाकाचा शेंडासुद्धा गार नव्हता. बराच वेळ डोंगराकडे बघत बसले. म्हणाले, "मास्तरीण, इतला वरीस मी पुढे बठीसन फक्त खड्डा देखात. हाई सगळं तू एकलीच देखत व्हती?"

मी म्हटलं, हो. आता खड्डे माझ्याकडे, डोंगर तुमच्याकडे. त्यांनी हिशोब मान्य केला आणि माझ्या वाट्याचा अर्धा कप चहाही पिऊन टाकला.

तेव्हापासून हिवाळे होत गेले. काच एकदा बदलली, मोरांचा रंग उडाला आणि पुन्हा चढला. उस्ताद यात्रेत आले की त्या खोगिराला तेल लावून देतात, आणि दर वर्षी नव्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट सांगतात. त्यात चूक माझी असते. सांगू देत. स्वेटर मी अजून विणलेलं नाही. बापू दर थंडीत आठवण करून देतात आणि मी दर थंडीत म्हणते, त्या मापाचं पाठीला लावून तर बसता, अजून कोणतं हवं?

आज सकाळी निघायचं ठरलंय. मी दोन ओळी लिहून घेते म्हणून बसले, त्या एवढ्या लांबल्या. बाहेर गाडी स्टँडवर उभी आहे. बापू केव्हाच लोखंडी पायरीवरून चढून मागं बसलेत, हेल्मेट घातलंय, त्यावर दिलीपची ती टोपी, पट्ट्यात पाय. भोंग्यापर्यंत हात पोचत नाही म्हणून पाठीमागची घुंगरं धरून खुळखुळा वाजवावा तशी वाजवताहेत. कोंबड्या पळाल्यात, शेजारीण कुंपणाशी येऊन उभी आहे, आणि ते तिच्यादेखत गळा काढून ओरडताहेत,

"मास्तरीण! चाल ना व, वरात खोळंबनी!"